अल्पायुषी अणुकेंद्रांचे वजन आणि बीटा क्षय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदवी आणि पदव्युत्तर भौतिकशास्त्राचे विद्यार्थी, त्यांना शिकवणारे शिक्षक आणि हौसेने वाचणारे वाचक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, पुढचे अवघड. प्रत्येक उत्तर एकट्याने वाचले तरी समजावे असे लिहिले आहे. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तिथला प्रश्न क्रमांक दिला आहे.

१. बीटा क्षय समजून घ्यायचा तर क्षयच मोजावा. अणुकेंद्राचे वजन कशाला करायचे?

बीटा क्षयात एक अणुकेंद्र दुसऱ्यात बदलते आणि त्या दोघांच्या वस्तुमानातला फरक ऊर्जा म्हणून बाहेर पडतो. या ऊर्जेला क्यू-मूल्य म्हणतात. ती थेट मोजायला गेलो की अडचण येते, कारण इलेक्ट्रॉन किंवा पॉझिट्रॉनबरोबर एक न्यूट्रिनोही निघतो आणि तो आपला वाटा घेऊन निसटतो. म्हणून बीटा कणांची ऊर्जा शून्यापासून कमाल मर्यादेपर्यंत पसरलेली दिसते. क्यू-मूल्य असते नेमके त्या कमाल टोकाशी, आणि तिथे पोचणारे कण अगदी मोजके असतात. डिटेक्टरची स्वतःची चूकही त्यात मिसळते.

वजनाची वाट वेगळी आहे. आधीच्या अणुकेंद्राचे वस्तुमान मोजा, नंतरच्याचे मोजा, वजाबाकी करा. मध्ये काय घडले, न्यूट्रिनो किती ऊर्जा घेऊन गेला, याच्याशी काही देणेघेणे उरत नाही. क्षयाकडे न बघता क्षयाची ऊर्जा सांगणारे हे मोजमाप पूर्णपणे स्वतंत्र असते. या क्षेत्राचे सगळे बळ त्या स्वतंत्रपणात आहे असे मला वाटते. त्याचा दाखला प्रश्न ७ मध्ये आहे.

२. किती अचूक वजन लागते? अंदाज येईल असे सांगा.

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाची भरलेली गाडी आधी तोलतात, मग मोकळी, आणि फरक म्हणजे ऊस. इथेही तेच करायचे आहे, फक्त फरक फार लहान आहे. व्हॅनेडियम-४६ चे वस्तुमान ऊर्जेच्या मापात सुमारे ४.२८ कोटी किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट भरते. त्याचा क्षय होऊन टायटॅनियम-४६ बनताना पडणारा फरक आहे सुमारे ७,०५३ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट. गाडी २० टनांची धरली तर हा फरक सव्वातीन किलोंचा होतो.

आणि ही सव्वातीन किलोंची पिशवीही ढोबळ तोलून चालत नाही. तिच्या वजनातली चूक ०.४ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास हवी, म्हणजे एकूण वस्तुमानाच्या दहा कोटींत एक भाग. आपल्या २० टनांच्या गाडीत ती चूक ०.२ ग्रॅमची, दोन गुंजांपेक्षाही कमी. शिवाय काट्यावरची गाडी अर्ध्या सेकंदात निम्मी नाहीशी होणार आहे.

३. एकट्या आयनाचे वजन करणारा काटा असतो तरी कसा?

त्याचे नाव पेनिंग सापळा. डच भौतिकशास्त्रज्ञ फ्रान्स पेनिंग यांच्यावरून हे नाव पडले. सापळ्यात एकेका कणाला दीर्घकाळ धरून ठेवण्याच्या कामासाठी हान्स डेमेल्ट यांना १९८९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

तत्त्व शाळेतले आहे. चुंबकीय क्षेत्रात विद्युतभारित कण गोल फिरतो. सेकंदाला किती फेऱ्या, ते तीन गोष्टींवर ठरते: कणाचा भार, चुंबकीय क्षेत्र आणि वस्तुमान. भार आणि क्षेत्र माहीत असेल तर फेऱ्या मोजल्या की वस्तुमान कळते. कण जड असेल तर फेऱ्या कमी. वारंवारता ही भौतिकशास्त्रात सर्वांत अचूकपणे मोजता येणारी राशी आहे, म्हणून वजनाचा प्रश्न इथे फेऱ्यांच्या प्रश्नात बदलून घेतला जातो.

७ टेस्लाच्या चुंबकात एकपट भार असलेला व्हॅनेडियम-४६ चा आयन सेकंदाला सुमारे २३ लाख ३९ हजार फेऱ्या मारतो. टायटॅनियम-४६ किंचित हलका असल्याने तो सेकंदाला सुमारे ३८५ फेऱ्या जास्त मारतो. या ३८५ मध्ये क्यू-मूल्य दडलेले असते.

चुंबकीय क्षेत्र आयनाला बाजूला जाऊ देत नाही, पण क्षेत्राच्या दिशेने तो निसटू शकतो. तो रस्ता विद्युत क्षेत्राने अडवतात. त्यामुळे आयनाची चाल तीन हालचालींची मिसळ होते: अक्षावर पुढेमागे डोलणे, एक जलद वर्तुळ आणि एक संथ, मोठे वर्तुळ. दोन्ही वर्तुळांच्या वारंवारता मिळवल्या की शुद्ध चुंबकीय वारंवारता परत मिळते. ही बेरीज सापळ्यातले बारीकसारीक दोष बऱ्याच अंशी पोटात घेते.

४. प्रत्यक्ष मोजमाप होताना नक्की काय घडते?

जिनिव्हाजवळ सर्नच्या आयसोल्ड केंद्रात १.४ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचे प्रोटॉन जाड लक्ष्यावर आदळवतात. त्या तापलेल्या लक्ष्यातून नाना समस्थानिके बाहेर झिरपतात. त्यांचे आयन करून चुंबकाने हवे ते वस्तुमान निवडतात आणि आयसोलट्रॅप या सापळ्याकडे पाठवतात. फिनलंडच्या युव्हास्कुला विद्यापीठात जेवायएफएलट्रॅप आहे. तिथे पातळ लक्ष्यातून उडालेले आयन हेलियम वायूत थांबवतात. व्हॅनेडियमसारखी सहज न वितळणारी, चिवट मूलद्रव्ये जाड लक्ष्यातून बाहेर पडायला वेळ लावतात, त्यांच्यासाठी ही पद्धत फार सोयीची. अमेरिकेतील आर्गोन प्रयोगशाळा आणि मिशिगन, कॅनडातील व्हँकुव्हर, जर्मनीतील डार्मश्टाट इथेही असे सापळे आहेत.

आयन वेगात येतात. त्यांना थोड्या वायूत शांत करून गठ्ठा बांधतात, पहिल्या सापळ्यात भेसळ काढतात आणि मोजकेच आयन दुसऱ्या, मोजमापाच्या सापळ्यात सोडतात. तिथे रेडिओ वारंवारतेचा हलका धक्का ठरावीक वेळ, समजा २०० मिलिसेकंद, दिला जातो. धक्क्याची वारंवारता आयनाच्या फेऱ्यांशी जुळली तर संथ फिरणे जलद फिरण्यात बदलते आणि आयनाची ऊर्जा वाढते. मग दार उघडतात. चुंबकाबाहेर पडताना ती फिरण्याची ऊर्जा पुढे धावण्याची ऊर्जा होते, म्हणून जुळलेला आयन डिटेक्टरवर लवकर पोचतो.

पडद्यावर दिसते ते असे: आडव्या अक्षावर धक्क्याची वारंवारता, उभ्यावर पोचायला लागलेला वेळ, आणि ठिपक्यांच्या रांगेत मधोमध एक खळगा. खळग्याचा तळ म्हणजे उत्तर. २०० मिलिसेकंदांच्या धक्क्यात खळगा सुमारे ५ हर्ट्झ रुंद असतो. दहा हजार आयन टिपले की त्याचा मध्य सुमारे ०.०५ हर्ट्झपर्यंत ठरवता येतो. एकेक ठिपका साठत तो खळगा उमटताना बघणे हा या कामातला सर्वांत सुंदर भाग आहे.

५. चुंबकीय क्षेत्र स्वतःच बदलत राहते ना? मग वजन खरे कसे मानायचे?

क्षेत्र बदलते, म्हणूनच कोणी नुसत्या एका आयनावर विसंबत नाही. वाणी रिकाम्या भांड्याचा धडा करून मगच तेल तोलतो, तसे इथे आधी आणि नंतर ओळखीच्या आयनाच्या फेऱ्या मोजतात आणि मधल्या वेळचे क्षेत्र त्यावरून काढतात.

बीटा क्षयासाठी आणखी चांगली सोय आहे. जनक (क्षयाआधीचे अणुकेंद्र) आणि जन्य (नंतरचे) यांचा वस्तुमानांक सारखाच असतो. दोघांना एकाच सापळ्यात आळीपाळीने सोडून वारंवारतांचे गुणोत्तर घेतले की क्षेत्रातल्या आणि सापळ्यातल्या बहुतेक चुका दोघांना सारख्याच लागू होऊन कटतात. युव्हास्कुलात व्हॅनेडियम-४६ बनवायला टायटॅनियम-४६ चेच लक्ष्य वापरतात, त्यामुळे त्याच लक्ष्यातून दोघेही मिळतात.

६. ‘सुपरअलाउड’ बीटा क्षय म्हणजे काय? सगळे त्याच्याच मागे का असतात?

काही अणुकेंद्रांमध्ये क्षयाआधीची आणि नंतरची रचना जवळजवळ एकच असते. एक प्रोटॉन न्यूट्रॉन झाला, एवढाच फरक. दोन्हीकडे फिरकी (स्पिन) शून्य असेल तर क्षय करणाऱ्या दुर्बल बलाचा फक्त एक भाग, सदिश भाग, काम करतो. अणुकेंद्राच्या आतल्या गुंतागुंतीचा त्रास इथे सर्वांत कमी. कार्बन-१०, ऑक्सिजन-१४, अ‍ॅल्युमिनियम-२६ चा आयसोमर (त्याच अणुकेंद्राचे जास्त ऊर्जेचे, काही काळ टिकणारे रूप; प्रश्न १०), व्हॅनेडियम-४६, कोबाल्ट-५४, रुबिडियम-७४ ही त्यातली नावे.

अशा प्रत्येक क्षयासाठी ‘एफ-टी’ नावाची राशी काढतात. टी म्हणजे त्या क्षयाचे आंशिक अर्धायुष्य. एफ हे क्यू-मूल्यावरून येणारे गणित. सैद्धांतिक दुरुस्त्या केल्यावर ही राशी सगळ्या अणुकेंद्रांसाठी एकच यायला हवी. कार्बन-१० चे अर्धायुष्य सुमारे १९ सेकंद, रुबिडियम-७४ चे ६५ मिलिसेकंद, क्यू-मूल्येही कुठल्या कुठे. तरीही दुरुस्त राशी सगळीकडे ३०७२ सेकंदांच्या जवळ येते. इतकी वेगळी अणुकेंद्रे एकच आकडा सांगतात, हे मला अजूनही नवलाचे वाटते.

वजनाचे महत्त्व एफ मध्ये आहे. एफ साधारण ऊर्जेच्या पाचव्या घातासारखा वाढतो, म्हणून ऊर्जेतली चूक पाचपट होऊन पुढे येते. व्हॅनेडियम-४६ मध्ये १ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टची चूक म्हणजे एफ मध्ये सुमारे ०.०८ टक्के. तपास हजारात एका भागाच्या पातळीवर चाललेला असताना ही मोठी चूक आहे.

७. व्हॅनेडियम-४६ चे प्रकरण काय होते?

२००५ पर्यंत व्हॅनेडियम-४६ चे क्यू-मूल्य अणुकेंद्रीय अभिक्रियांवरून ठरलेले होते आणि त्यात म्युनिकमध्ये झालेल्या, १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांचा वाटा मोठा होता. हेलियम-३ आदळवून ट्रिटियम बाहेर काढायचा आणि त्याच्या ऊर्जेवरून हिशोब मांडायचा, अशी ती पद्धत. २००५ मध्ये आर्गोनच्या कॅनेडियन पेनिंग सापळ्यात जनक आणि जन्य दोघांचे वजन झाले. उत्तर आले ७०५२.९ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, आधीच्या स्वीकृत आकड्यापेक्षा २ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टहून जास्त.

७ टेस्लाच्या सापळ्याच्या भाषेत हा फरक सुमारे ०.१२ हर्ट्झचा, तोही २३ लाखांच्या वर. पण पाचव्या घातातून तो एफ-टी मध्ये सुमारे ५ सेकंदांचा झाला आणि व्हॅनेडियम-४६ बाकीच्यांच्या रांगेतून वर उठून दिसू लागले. आता दोनच शक्यता होत्या: सापळा चुकला, किंवा इतकी वर्षे सगळे जुळत होते ते एका चुकीमुळे. दुसरी शक्यता अस्वस्थ करणारी होती, कारण मग जुन्या पद्धतीने मोजलेली इतर क्यू-मूल्येही संशयात येत होती.

२००६ मध्ये युव्हास्कुलाच्या गटाने आपल्या सापळ्यात तेच मोजले. व्हॅनेडियमचा नवा आकडा कायम राहिला. त्याच वेळी मोजलेले अ‍ॅल्युमिनियम-२६ आणि स्कँडियम-४२ मात्र जुन्या आकड्यांशी जुळले, म्हणजे सरसकट सगळे जुने चुकीचे नव्हते. पुढे म्युनिकमध्येच ती अभिक्रिया नव्याने मोजली गेली, २००९ मध्ये निकाल आला आणि तो सापळ्यांच्या बाजूने होता. स्वतःच्याच जुन्या आकड्याची तपासणी करून तो चुकला होता असे छापणे, हे मला या कथेतले सर्वांत मोलाचे पान वाटते.

मग व्हॅनेडियम-४६ रांगेबाहेर का दिसत होते? जॉन हार्डी आणि इयन टाउनर यांनी आपल्या सैद्धांतिक दुरुस्त्या पुन्हा तपासल्या. अणुकेंद्राच्या आतल्या थरांतल्या, आधी गाभा म्हणून सोडून दिलेल्या कक्षा त्यांनी हिशोबात घेतल्या. २००८ च्या नव्या दुरुस्त्यांसह व्हॅनेडियम-४६ पुन्हा रांगेत बसले. वजनातली ०.१२ हर्ट्झची खूण सिद्धांतातली उणीव दाखवून गेली.

८. ‘बेरीज १ भरत नाही’ असे वाचले. ते याच मोजमापांबद्दल आहे का?

होय. एफ-टी वरून क्वार्कांच्या (प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात त्या कणांच्या) मिश्रणाच्या तक्त्यातला एक आकडा निघतो, त्याला व्ही-यूडी म्हणतात. हार्डी आणि टाउनर यांच्या २०२० च्या आढाव्यात तो ०.९७३७३ आहे, चूक ०.०००३१. त्याच ओळीतल्या इतर दोन आकड्यांसह तिघांच्या वर्गांची बेरीज प्रमाण प्रतिमानाप्रमाणे, म्हणजे मूलकणांच्या आजच्या मान्य सिद्धांताप्रमाणे, बरोबर १ यायला हवी. ती सुमारे ०.९९८५ येते. तूट चुकीच्या मर्यादेच्या दोन ते तीन पट आहे.

पूर्वी बेरीज १ शी छान जुळत होती. २०१८ मध्ये एका प्रारण-दुरुस्तीचे गणित नव्या पद्धतीने झाले, व्ही-यूडी खाली आला आणि तूट उघडी पडली. म्हणजे हा बदल क्यू-मूल्यांतून आलेला नाही. ‘नवे भौतिकशास्त्र सापडले’ अशा मथळ्यांवर आज विश्वास ठेवू नका. ही तूट गांभीर्याने घेण्याजोगी आहे, इतकेच खात्रीने म्हणता येते.

९. मग आता क्यू-मूल्ये पुरेशी अचूक झाली, काम संपले का?

एफ-टी ला तीन मोजमापे लागतात: क्यू-मूल्य, अर्धायुष्य आणि शाखा-प्रमाण, म्हणजे किती टक्के क्षय हव्या त्या मार्गाने होतात. अनेक अणुकेंद्रांत सापळ्यांनी क्यू-मूल्य इतके पक्के केले आहे की उरलेली अडचण इतरांची आहे. कार्बन-१० मध्ये हवा तो मार्ग फक्त दीड टक्क्याच्या आसपास क्षय घेतात, आणि तो आकडा मोजणे हेच तिथले दुखणे आहे. एकंदर चुकीत आज सिद्धांताचा वाटा सर्वांत मोठा. पण रुबिडियम-७४ सारख्या जड टोकाला दुरुस्त्या मोठ्या असतात, तिथे सिद्धांत पारखायला वजन लागतेच (प्रश्न ११).

१०. एकाच अणुकेंद्राची दोन ‘रूपे’ असतील तर सापळ्याला कळते का, कोणते तोलले?

याची काळजी घ्यावीच लागते. अ‍ॅल्युमिनियम-२६ घ्या. त्याच्या मूळ स्थितीचे अर्धायुष्य सुमारे ७ लाख वर्षे. त्याहून २२८ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट वर एक आयसोमर आहे, त्याचे अर्धायुष्य ६.३५ सेकंद, आणि सुपरअलाउड क्षय त्याचा होतो. ७ टेस्लाच्या सापळ्यात दोघांच्या फेऱ्यांत सुमारे ३९ हर्ट्झचा फरक पडतो. ५ हर्ट्झ रुंदीच्या खळग्यात ते स्वच्छ वेगळे दिसतात.

कोबाल्ट-५४ मध्ये उलटे आहे. सुपरअलाउड क्षय मूळ स्थितीचा, अर्धायुष्य १९३ मिलिसेकंद, आणि आयसोमर १९७ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट वर, दीड मिनिट टिकणारा. फरक ८ हर्ट्झपेक्षाही कमी. दोघे मिसळले तर खळगा मधल्यामधे सरकतो आणि आकडा दिसायला निर्दोष, पण चुकीचा निघतो. युव्हास्कुलात यासाठी वेळेने अलग केलेले दोन छोटे धक्के देऊन नको असलेले रूप आधीच बाहेर काढायची रीत बसवली आणि २००८ मध्ये मँगनीज-५० व कोबाल्ट-५४ ची क्यू-मूल्ये दिली.

११. अर्धायुष्य काही मिलिसेकंदच असेल तर?

खळग्याची रुंदी धक्क्याच्या वेळेच्या व्यस्त प्रमाणात असते. वेळ कमी, तर खळगा रुंद. तरीही व्हँकुव्हरच्या ट्रायम्फ प्रयोगशाळेतील टायटन सापळ्याने २००८ मध्ये ८.८ मिलिसेकंद अर्धायुष्याच्या लिथियम-११ चे वस्तुमान मोजले.

वेळ वाढवता येत नसेल तर फेऱ्या वाढवाव्या. भार आठपट केला तर फेऱ्याही आठपट होतात. टायटनने रुबिडियम-७४ चे आठ इलेक्ट्रॉन काढून तेच केले आणि २०११ मध्ये निकाल दिला. इथे एक हिशोब विसरू नये. तक्त्यात अणूचे वस्तुमान असते, सापळ्यात आयन असतो. एकपट भारात बंधन-ऊर्जेची दुरुस्ती काही इलेक्ट्रॉनव्होल्टची, जनक-जन्य गुणोत्तरात जवळपास कटणारी. आठपट भारात ती सुमारे अर्धा किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट होते. विद्यार्थ्यांची आणखी एक नेहमीची चूक: पॉझिट्रॉन क्षयात कणांना मिळणारी ऊर्जा अणूंच्या वस्तुमान-फरकापेक्षा १०२२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टने कमी असते.

दुसरा उपाय म्हणजे शेवटी आयन कुठे पोचला ते चित्रासारखे टिपून फिरण्याचा कोन मोजणे. डार्मश्टाटच्या शिपट्रॅपमध्ये विकसित झालेली ही पद्धत कमी वेळात जास्त अचूकता देते. दोन विद्युत आरशांमध्ये आयनांना हजारो वेळा मागेपुढे धावायला लावणारे यंत्रही आहे. ते काही मिलिसेकंदांत काम उरकते, पण सुपरअलाउड कामासाठी त्याची अचूकता सहसा कमी पडते.

१२. क्षयाची दोन मोजमापेच एकमेकांशी भांडत असतील तर वजन निवाडा देते का?

टिन-१०० चे उदाहरण बोलके आहे. ५० प्रोटॉन, ५० न्यूट्रॉन, अर्धायुष्य सव्वा सेकंदाच्या आत-बाहेर. त्याच्या क्षय-ऊर्जेचे जर्मनीतील २०१२ चे आणि जपानमधील २०१९ चे मोजमाप जुळत नाही. २०२१ मध्ये आयसोलट्रॅपने इंडियम-९९, १०० आणि १०१ ची वस्तुमाने दिली. इंडियम-१०० हे टिन-१०० चे जन्य, त्यामुळे हिशोबाची एक बाजू पक्की झाली आणि दोन क्षय-मोजमापांतून निघणारी टिन-१०० ची वस्तुमाने किती दूर आहेत हे स्वच्छ दिसले. पुरा निवाडा टिन-१०० स्वतः काट्यावर चढल्यावर होईल.

१३. न्यूट्रिनोच्या वस्तुमानाशी याचा संबंध आहे का?

आहे, पण तिथली अणुकेंद्रे बहुधा दीर्घायुषी. ट्रिटियमचे क्यू-मूल्य सुमारे १८.५९ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट. कार्ल्सरूहच्या कॅट्रिन प्रयोगाने ट्रिटियमच्या वर्णपटाच्या टोकावरून न्यूट्रिनोचे वस्तुमान ०.४५ इलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा कमी असल्याचे २०२५ मध्ये सांगितले. त्या टोकाची जागा पेनिंग सापळ्यातल्या वजनाशी ताडून पाहता येते. पुन्हा तीच गोष्ट: क्षय एक सांगतो, वजन स्वतंत्रपणे तपासते.

१४. भारतात किंवा महाराष्ट्रात याचा अभ्यास करता येईल का?

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात पेलेट्रॉन त्वरक आहे. तिथे जड आयनांच्या अभिक्रिया आणि अणुकेंद्रांची रचना यांवर काम चालते. अल्पायुषी समस्थानिकांच्या वजनाचे ते केंद्र नाही. संस्थेत टिन-१२४ च्या दुहेरी बीटा क्षयाच्या शोधासाठी काम झाले आहे, आणि त्या शोधातही क्यू-मूल्य कळीचे. भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे आणि डार्मश्टाटच्या फेअर या त्वरक-प्रकल्पात भागीदार आहे. माझा सल्ला: एम.एस्सी.च्या वर्षांत विद्युतचुंबकत्व आणि सांख्यिकी मनापासून करा. सापळ्यासमोर रोज याच दोन गोष्टी लागतात.

१५. अणू ‘स्थिर’ आहे असे तक्ता सांगतो, तरी त्याचा बीटा क्षय होऊ शकतो का?

होऊ शकतो, सगळे इलेक्ट्रॉन काढून घेतले तर. तक्त्यातली क्यू-मूल्ये उदासीन अणूंची असतात (प्रश्न ११). अणू पूर्ण उघडा केला की क्षयातून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनला बाहेर पडायची गरज उरत नाही. तो आतल्या रिकाम्या कक्षेत बसू शकतो आणि तिथली बंधन-ऊर्जा क्षयाला मिळते. डिस्प्रोसियम-१६३ चा अणू स्थिर आहे. डार्मश्टाटच्या साठवण कड्यात त्याची उघडी अणुकेंद्रे फिरवली तेव्हा ती सुमारे ४७ दिवसांच्या अर्धायुष्याने होल्मियम-१६३ मध्ये बदलताना दिसली. हे १९९२ चे. रेनियम-१८७ चे अर्धायुष्य चार हजार कोटी वर्षांच्या वर आहे, उघड्या अवस्थेत ते ३३ वर्षांच्या आसपास उतरते. २०२४ मध्ये थॅलियम-२०५ चा निकाल आला: उदासीन अणू स्थिर, उघडा असेल तर अर्धायुष्य सुमारे २९१ दिवस. ताऱ्यांच्या पोटात अणूंवर इलेक्ट्रॉन फार थोडे टिकतात, त्यामुळे सूर्य जन्मायच्या आधीच्या काळाचा हिशोब शिसे-२०५ वरून मांडायचा तर हा आकडा लागतो.